साडेआठची नोंद

गेल्या आठवड्यात मी तासगावच्या संपतरावांना फोन केला आणि एक गोष्ट सांगितली. चार वर्षांपूर्वी वादळात त्यांच्या शेडवरचा बेदाणा भिजला, त्यात बिरूआण्णांची चूक नव्हती. चूक माझी होती. ते म्हणाले, "पोस्टमास्तर, हे मला एकट्याला सांगून काय उपेग? त्या माणसाला नावं अख्ख्या आळीनं ठेवल्यात. लिवून द्या. मी देवळात बसून वाचून दाखवतो."

म्हणून लिहायला बसलो. बसल्यावर लक्षात आलं की नुसती चूक लिहून भागणार नाही. आळीतल्या बऱ्याच जणांच्या लक्षात आण्णांची शेवटची वर्षंच राहिली. त्यांना ते कुणाशी न बोलणारे, खांबाजवळ उभे राहणारे म्हातारे म्हणूनच आठवतात. मी त्यांना त्याआधी अकरा वर्षं ओळखत होतो.

महाबळेश्वरच्या पोस्टातून निवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून मी पाऊस मोजायचं भांडं आणलं. एका हंगामाचे आकडे वर्तमानपत्राला पाठवले आणि ते छापूनही आले. आठ-दहा दिवसांनी भाद्रपदातल्या एका दुपारी दारात एक उंच, वाळका माणूस उभा राहिला. डोक्याला टापर, खांद्याला पिशवी, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. तासगावाहून तीन एस. टी. बदलून आला होता.

"पेपरात पावसाचं लिवलंय ते पोस्तमास्तर तुमीच का?"

"हो. आपण?"

"भांडं कुठं हाय?"

मी घराच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. त्यांनी आधी वर पत्र्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे, मग माझ्याकडे.

"आवं, ह्ये पागोळीखाली ठेवलंय. तुमी पाऊस न्हाई, पत्र्याचं पानी मोजलंय."

चहाला थांबा म्हटलं तर म्हणाले, आधी खोरं द्या. अंगणाच्या मधोमध त्यांनी जागा धरली, दगड बसवले आणि भांडं हाताच्या पंजानं सपाट केलं. मग पिशवीतून काचेचा मोजपेला काढला. तो एका जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. त्यात पाणी घालून ते चिखलात गुडघ्यावर बसले आणि मलाही बसवलं.

"डोळा पान्याच्या बरुबरीला आना. वरनं बघितलं की जास्त दिसतं. मानसाला जास्तच बघायला आवडतं."

ते गेल्यावर बायकोनं विचारलं, "कोण हो हे?" मी म्हणालो, "पावसाचे इन्स्पेक्टर." आमच्या घरात त्यांना तेच नाव पडलं.

त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यानंच माहीत आहे. घर आटपाडीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. त्यांचे वडील कळप घेऊन चाऱ्याच्या मागं घाटापर्यंत यायचे. हे पाटणजवळच्या एका धरणावर पाणी आणि पाऊस मोजायच्या नोकरीत लागले आणि तीस वर्षं तेच केलं. पुढं तासगावला बायकोच्या माहेरच्या रानाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. "बाप मेंढरांच्या मागं हिंडला, मी पावसाच्या मागं," म्हणायचे. "दोघांच्याबी हाताला काय लागलं न्हाई, पर हिंडनं झालं."

त्या दोन खोल्यांपुढं एक लाकडी खांब होता. खांबाला मेंढराच्या गळ्यातली पितळी घंटी टांगलेली होती. वारा कुठून आहे हे ते घंटीवरून सांगायचे. मावळतीचा वारा आला की घंटी खांबाला घासते, उगवतीचा आला की मोकळी वाजते, असं काहीतरी. मला तो फरक कधी कळला नाही. मी मान डोलवायचो आणि माझी मान खोटी आहे हे त्यांना कळायचं.

पाऊस येणार, असं ते कधीच म्हणत नसत. "यायला हरकत न्हाई," एवढंच म्हणायचे. नसेल यायचा, तर "त्याचं मन दिसंना." मोबाइलवर वादळाची रंगीत चित्रं यायला लागली तशी संपतरावांसारखी माणसं ती घेऊन त्यांच्याकडे यायची. आण्णा मोबाइल हातात धरून लांबून बघायचे. "लाल हाय, जांभळं हाय. वादळ हाय का शिमगा?" पण बघायचे नीट. वादळ समुद्रात कुठं आहे हे त्यांना त्या चित्रांवरूनच घ्यावं लागे. त्यापुढचं मात्र स्वतःचं. "ही रेघ समुद्रापुरती खरी. घाट चढल्यावर ती काय करील, ते ह्या पोराला काय ठावं," असं त्या मोबाइलला म्हणायचे.

घाट चढल्यावर काय होतं ते कळावं म्हणून त्यांनी आम्हाला जमवलं. मिरजेच्या जुन्या बाजारातून त्यांनी हवेचा दाब दाखवणारी दोन जुनी घड्याळं आणली होती. त्यांना ते 'काटा' म्हणत. एक काटा स्वतः ठेवला, दुसरा मला दिला. समुद्राकडून येणारं काहीही आधी घाटमाथ्यावर कळतं, म्हणून माझी नोंद त्यांना सगळ्यांत महत्त्वाची वाटे. पाटणला सुमन सिस्टर होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. आणखी चार-पाच जण. मोबाइलवर आमचा गट झाला, त्याचं नाव 'साडेआठ', कारण पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा असतो. साडेआठ वाजता प्रत्येकानं पाऊस, काटा आणि वारा कळवायचा. आण्णा ते सगळं एका लांब वहीत उतरवून घ्यायचे. प्रत्येक गावाचा वेगळा रकाना.

एकदा सुमन सिस्टरांनी विचारलं, "आण्णा, एखाद्या दिवशी बघायचं राहिलं तर अंदाजानं लिहू का? काल बारा, परवा चौदा, आज तेरा धरा."

आण्णांनी बोलून निरोप पाठवला. "सिस्टर, पेशंटचा ताप अंदाजानं लिवत हुता का?"

"नाही हो."

"मग? बघितलं न्हाई तर आडवी रेघ मारा. रेघंत लाज न्हाई. आन् एक. दुसऱ्याची नोंद आपन खोडायची न्हाई. चुकली आसंल तर ज्याची त्यानं खोडायची."

तेव्हापासून सिस्टर बिनधास्त रेघ मारायला लागल्या. "आज रेघ. गुडघा." "आज रेघ. नातीचं बाळंतपण." एकदा तर नुसतंच "आज रेघ. कंटाळा." आण्णांना त्याचा राग नव्हता. कंटाळा लिवला ते बरं केलं, म्हणाले.

दर पाडव्याला ते वर्षाचा हिशेब सांगायचे. पावसाचा आधी, मग रेघांचा. "सुमन सिस्टर एक्केचाळीस. पोस्तमास्तर शून्य." वर्षानुवर्षं माझं शून्य. ताप असला तरी मी छत्री घेऊन अंगणात जायचो. ते शून्य मी बायकोला वाचून दाखवायचो, आणि ती गेल्यावर एकटाच वाचायचो. आण्णांच्या स्वतःच्या एका वर्षी सात रेघा होत्या. त्या सात दिवशी त्यांची बायको मिरजेला दवाखान्यात होती. ती परत आली नाही. आठव्या दिवसापासून वहीत पुन्हा आकडे आहेत.

त्यानंतर आण्णांचं बोलणं म्हणजे आमचा गट एवढंच राहिलं. मुलगा पुण्याला, तो बोलवायचा. "बाल्कनीत भांडं ठिवा म्हनतोय," ते मला फोनवर म्हणाले. "बाल्कनीत, पोस्तमास्तर." आणि मग दोघंही हसलो. पण त्या दिवशी फोन त्यांनी लवकर ठेवला नाही. तुमच्याकडं वारा काय, आमच्याकडं असा, असं बराच वेळ चालू राहिलं.

आता संपतरावांच्या शेडविषयी. ज्यांना बेदाणा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरतात. दोन आठवडे वारा लागला की बेदाणा होतो. शेडला छप्पर असतं, बाजू उघड्या असतात. पाऊस येणार असेल तर बाजूचे पडदे सोडतात. पण पडदे सोडले की आत वारा फिरत नाही, माल कोंदटतो आणि रंग जातो. म्हणजे भीतीनं पडदे सोडले तरी नुकसान, आणि न सोडता पाऊस आला तर सगळंच गेलं.

एका वर्षी चैत्रात असंच वादळ समुद्रात होतं. सगळ्या आळीनं पडदे सोडले. आण्णा म्हणाले, "त्याचं मन दिसंना." एकट्या संपतरावांनी पडदे उघडे ठेवले. पाऊस आला नाही आणि आळीत हिरवागार माल फक्त त्यांचाच निघाला. ते बेदाण्याचं एक खोकं घेऊन आण्णांकडे गेले. आण्णा म्हणाले, "मला दात न्हाईत, आळीत वाटा." त्या दिवसापासून आळीतली माणसं पडदे सोडायच्या आधी आण्णांच्या खांबाशी यायला लागली. सकाळी दहा-पंधरा जण उभे असायचे. कुणीतरी चहा आणायचं. मला आण्णांनी फोनवर सांगितलं, "पोस्तमास्तर, घंटी आयकायला मानसं येत्यात आता." आवाजात आनंद होता. तो मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

मग ते वादळ आलं. अक्षय्य तृतीया होऊन गेली होती. हंगाम संपत आला होता, पण संपतरावांची बाग उशिरा छाटलेली, त्यामुळे त्यांचा माल अजून जाळ्यांवर होता. अजून चार दिवस हवे होते. वादळ दक्षिणेकडून किनाऱ्याला धरून वर सरकत होतं. मोबाइलवरची एक रेघ ते लांब समुद्रात नेत होती, दुसरी अगदी कोकणाला घासून. सरकारी अंदाजात घाटमाथ्याला पावसाचा इशारा होता, तासगावकडे तुरळक ठिकाणी. ते तुरळक ठिकाण कुठलं, हाच प्रश्न होता.

तीन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. सकाळ-संध्याकाळ काटा बघायचो आणि कळवायचो. आण्णांनी समजावून सांगितलं होतं, "पोस्तमास्तरचा काटा जागंवर हाय आन् वारा उगवतीचा हाय, तवर ते लांब हाय. काटा पडला आन् वारा दक्षिणंला वळला, की पडदं सोडायचं." तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा काटा जागेवर होता.

चौथ्या दिवशी माझ्या बहिणीच्या नातीचं लग्न वाईला होतं. मी आदल्या संध्याकाळीच, काटा बघून, घाट उतरलो. सकाळी परत वर जाऊन नोंद घेईन असं मनात होतं, पण सकाळी गाडी मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही. पाहुणे होते, नाश्ता चालू होता. साडेआठला खिशात मोबाइल वाजला.

"आज रेघ. गुडघा," सुमन सिस्टर.

मग आण्णांचं. "पोस्तमास्तर, तुमचं? आज तुमच्यावरच हाय."

मी मांडवाच्या दारात उभा होतो. मी लग्नाला वाईला आहे, आज रेघ, एवढं लिहायला किती वेळ लागला असता. पण अकरा वर्षांचं शून्य डोळ्यांपुढं आलं. मी वर पाहिलं. वाईत वारा जवळजवळ नव्हता, होता तो उगवतीचा वाटला. मी लिहिलं, "काटा कालचाच. वारा उगवतीचा, मंद."

आण्णांनी उत्तर पाठवलं, "बास. मिटलं."

त्यांच्या खांबाजवळ त्या वेळी काय झालं ते मला पुढं सिस्टरांकडून कळलं, त्यांना आण्णांनी फोनवर सांगितलं होतं. संपतरावांनी विचारलं, "आण्णा, पडदं?" आण्णा म्हणाले, "घंटी जरा येगळी वाजतीय. पर पोस्तमास्तरचा काटा जागंवर हाय. तो मानूस चुकत न्हाई. ऱ्हाऊ द्या उघडं."

दुपारी तीनच्या सुमाराला पाऊस आला. सरळ पडला असता तर छपरानं झेलला असता. तो आडवा आला, शेडच्या या बाजूनं शिरून त्या बाजूनं निघाला. पडदे सोडायला माणसं धावली तोवर वाऱ्यानं एक पडदा फाटला होता. जाळ्यांवरचा माल दोन दिवसांत काळा पडला आणि त्याला वास यायला लागला. तो उकिरड्यावर टाकला.

मी संध्याकाळी घरी पोचलो, तेव्हा घाटात झाडं पडलेली होती. काटा पाच घरं खाली होता. तो सकाळीच पडायला लागला असणार.

त्याच वेळी गटावर आण्णांचा निरोप आला. "संपतरावांचा माल भिजला. चूक माझी. घंटी सांगत हुती, मी आयकलं न्हाई." सगळ्यांनी काही ना काही लिहिलं. सिस्टरांनी लिहिलं, "माझी रेघ नसती तर बरं झालं असतं आण्णा." त्यावर आण्णांनी लिहिलं, "न्हाई सिस्टर. रेघ खरी हुती."

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग लिहिलं, "निसर्गापुढं कुणाचं काय चालतं." आठ दिवसांनी आण्णा गटातून बाहेर पडले.

आळीतली माणसं यायची थांबली. संपतराव वर्षभर बोलले नाहीत, आणि ते मी त्यांना दोष म्हणून लिहीत नाही. पोरं घंटी वाजवून पळायची आणि "यायला हरकत न्हाई" असं ओरडायची. आण्णांनी मला फोन केला नाही, मीही केला नाही. पुढच्या पाडव्याला रेघांचा हिशेब सांगणारं कुणी नव्हतं. माझं शून्य माझ्यापाशीच राहिलं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी तासगावला गेलो. खरं सांगायचं, असं ठरवून गेलो. रात्री सांगलीत एका ओळखीच्यांकडे राहिलो आणि पहिल्या एस. टी.नं निघालो. पोचलो तेव्हा साडेआठला दहा मिनिटं होती. आण्णा खांबाजवळ उभे होते. अंगानं निम्मे झाले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा दिसत होता.

"कोन?"

"मी. महाबळेश्वर."

"पोस्तमास्तर." त्यांनी हात पुढं केला, तो माझ्या खांद्याला लागला आणि तिथंच राहिला. "येळंवर आलासा. मला आता पेल्यावरच्या रेघा दिसत न्हाईत. संपतचा गडी येतो कवा कवा, पर वरनंच बघतो. तुमी बघा."

रात्री थोडा शिंतडा झाला होता. मी भांड्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि गुडघ्यावर बसलो. एकोणऐंशीव्या वर्षी बसायला वेळ लागला. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणला.

"दोन पूर्णांक चार," मी म्हणालो.

आण्णांनी मान वळवली. ते पांढरे डोळे माझ्याकडे होते.

"बघून सांगताय न्हवं?"

मी पुन्हा वाकलो आणि पेल्यावरची रेघ परत बघितली.

"बघून सांगतोय आण्णा."

"बास. आत वही हाय, तेवढं लिवा."

मी आत गेलो. एक खाट, एक स्टोव्ह, खुंटीला टापर आणि टेबलावर वही. मी आजचं पान काढलं. रकाने तसेच आखलेले होते. तासगावच्या रकान्यात आकडे होते, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले. शेजारी माझ्या गावाचा रकाना होता. त्यात आडवी रेघ. वरच्या ओळीत रेघ, त्याच्या वर रेघ. मी पानं मागं उलटत गेलो. तीन वर्षं रोज सकाळी त्यांनी माझ्या रकान्यात रेघ मारली होती. मग त्या दिवसाचं पान आलं. तिथं माझी नोंद होती, मी पाठवलेली, त्यांच्या त्या वेळच्या स्वच्छ अक्षरात. काटा कालचाच. वारा उगवतीचा, मंद. तिला त्यांनी काही केलं नव्हतं.

बाहेरून आण्णांचा आवाज आला. "कुठलं पान पायजे ते बघा निवांत. पेन तितंच आसंल."

पेन तिथंच होतं. वहीच्या घडीत, दोऱ्यानं बांधलेलं. मी ते हातात घेतलं. मग पानं पुढं उलटली, आजच्या तारखेला दोन पूर्णांक चार लिहिलं आणि वही मिटली. पुठ्ठ्याचा आवाज झाला.

"झालं?" आण्णांनी विचारलं.

"झालं."

त्यानंतर त्यांनी चहा केला. साखर कुठं आहे ते हातानं शोधलं, मला उठू दिलं नाही. मुलाविषयी बोलले, सिस्टरांच्या गुडघ्याची चौकशी केली. वादळाचं नाव काढलं नाही. निघताना मी पाया पडायला वाकलो तर मागं सरकले. "आवं, तुमी थोरलं का मी थोरलं, ह्येच आजून ठरलं न्हाई."

माघात ते गेले. मुलानं खोल्या बंद केल्या. वही संपतरावांनी मागून घेतली आणि आपल्या कपाटात ठेवली, असं त्यांनीच गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं. मी त्यांना म्हणालो, तीत कुणाला काही खोडू देऊ नका. हा कागद घेऊन मी स्वतः येतो आहे. त्या पानावरची माझी नोंद मला खोडायची आहे आणि तिथं रेघ मारायची आहे. ती आण्णांच्या समोर मारायची होती.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी. रस्त्याच्या वळणावरून मी मागं वळलो. आण्णा खांबापाशी उभे होते. धुतलेला पेला निथळायला त्यांनी पालथा धरला होता, हिरवं फडकं खांद्यावर होतं. वारा पडलेला होता, घंटी वाजत नव्हती. तरी त्यांनी मान तिच्याकडे कलती केली होती. मला वाटलं, हाक मारावी. हाकेच्या अंतरावरच होतो. एवढ्यात एस. टी. आली.